भीतीची नोंद

काल्हेरला राहणाऱ्या माणसाला भिवंडीची खबर वर्तमानपत्राआधी रस्ता देतो. कशेळीची खाडी ओलांडली की ठाणं मागे पडतं आणि काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा करत रस्ता भिवंडीत शिरतो. डोक्यावर मेट्रो पाचचे खांब, दोन्ही बाजूंना गोदामांचे पत्रे, मध्ये कंटेनर, टेम्पो आणि दुचाक्यांची न संपणारी रांग. या रस्त्यावर कधीतरी तीन शब्द फिरू लागतात : 'भिवंडीत काहीतरी झालंय.' काय झालंय ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पण किराणा दुकानाचं शटर अर्ध्यावर येतं, रिक्षावाला अंजूरफाट्याच्या पुढे यायला नको म्हणतो, मूल शाळेत असलेली बाई हातातलं काम टाकून फोन लावते. बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं. तासा-दोन तासांत शटर वर जातं आणि रस्ता नेहमीसारखा तुंबतो. या तासा-दोन तासांची नोंद कुठेही होत नाही. गुन्हा घडला नाही म्हणून पोलिसांकडे नाही, कुणी जखमी नाही म्हणून दवाखान्यात नाही, आणि गोदामांचे चौरस फूट व गाड्यांच्या फेऱ्या मोजायला येणाऱ्या अभ्यासकांच्या तक्त्यात तर नाहीच. पण इथे राहण्याचा म्हणून जो माझा अनुभव आहे, त्यात या अर्ध्यावर आलेल्या शटरला मोठी जागा आहे. घर भाड्याने कुणाला द्यायचं, मुलीला कुठल्या कॉलेजात घालायचं, रात्री कुठल्या वस्तीतून जायचं नाही, असे कितीतरी निर्णय त्याच्याच सावलीत होतात. म्हणून माझं म्हणणं असं की समाजाच्या अभ्यासात भावना ही बाजूला सारायची गोष्ट नाही. तो पुरावा आहे. इतर पुराव्यासारखाच तपासून घ्यायचा, उलटतपासणी करायचा, पण फेकून न द्यायचा पुरावा. आणि हे पटवून द्यायला भिवंडीइतकं जवळचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

भिवंडीविषयी बोलताना एक वाक्य हमखास येतं : 'लोकांच्या भावना भडकल्या.' ऐकायला हे कारण वाटतं. खरं तर ते कारण शोधण्याचं काम तिथेच थांबवणारं वाक्य आहे. ७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल पेटली आणि दुसऱ्या दिवशी ती जळगावात पोहोचली, महाडही त्यातून सुटलं नाही. या तिन्ही ठिकाणच्या दंगलींची चौकशी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दि. पि. मादन यांच्या आयोगाने केली. आयोगाने त्या एका संध्याकाळपुरतं पाहिलं नाही. आधीच्या काही वर्षांत तणाव कसा साचत गेला, मिरवणुकीतल्या लोकांचं वागणं कसं होतं, कुठल्या संघटना कशी तयारी करत होत्या, पोलीस कुठे कमी पडले, हे सगळं त्याने उलगडलं. दंगलीनंतरच्या तपासासाठी नेमलेल्या विशेष पथकाच्या पक्षपातावर तर आयोगाने कडक ताशेरे ओढले. म्हणजे जो राग एका क्षणी उसळल्यासारखा दिसला, त्याच्या मागे वर्षानुवर्षांची मांडणी होती. आपल्या परंपरेला ही गोष्ट नवी नाही. नाट्यशास्त्रात भरताने क्रोध हा स्थायीभाव मानला, पण तो आपोआप जागा होतो असं म्हटलं नाही. त्याला विभाव लागतो : जागा, वेळ, समोरचा माणूस, त्याचे शब्द, भोवतालची सामग्री. मराठीच्या वर्गात विभाव, अनुभाव, संचारीभाव आपण पाठ केले आणि परीक्षेनंतर ते कवितेपुरते ठेवून दिले. समाजाच्या अभ्यासकाला मात्र नेमका हाच प्रश्न रोज विचारावा लागतो. राग दिसला, ठीक. त्याचा विभाव कुणी रचला? ढोल कुठल्या वळणावर थांबला, घोषणा कुठल्या दारासमोर दिली गेली, परवानगीच्या कागदावर मार्ग कोणता लिहिला होता? या प्रश्नांना उत्तरं असतात, साक्षीदार असतात, कागद असतात. भावनेचा अभ्यास हवेत करावा लागत नाही.

मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून दोनशेहून जास्त माणसं मारली गेली. पण आठच वर्षांनी, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये, जेव्हा मुंबईत सुमारे ९०० माणसं गेली, तेव्हा हे शहर शांत राहिलं. ज्या गावाचं नाव दंगलीशी जोडलेलं होतं, ते पन्नास किलोमीटरच्या आत मुंबई जळत असताना पेटलं नाही. सुरेश खोपडे १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीला आले होते. मुंबई जळाली आणि भिवंडी का नाही, हा प्रश्न पुढे त्यांनी आपल्या पुस्तकाच्या शीर्षकातच विचारला. त्यांनी आधी १९८४ च्या दंगलीचा अभ्यास केला आणि मग मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्याआधी शांतता समित्या नव्हत्या असं नाही. पण त्यांत पुढारी असायचे आणि बैठक तणाव आला की व्हायची. मोहल्ला समितीत दोन्ही समाजांची साधी माणसं बसली, आणि सूत्रं दिली गेली त्या भागात रोज फिरणाऱ्या पोलीस शिपायाकडे. बैठका काही घडलेलं नसतानाच्या होत्या. मोहल्ल्यातल्या किरकोळ कुरबुरी तिथे यायच्या आणि तिथेच मिटायच्या. भावनांचा विचार करणाऱ्याने ही रचना नीट न्याहाळावी. इथे कुणाला 'घाबरू नका' असं सांगितलं गेलं नाही, प्रेमाची भाषणं झाली नाहीत. भीतीला बोलायची जागा दिली गेली, एवढंच. 'त्यांच्या गल्लीत दगड जमा झालेत' अशी अफवा ऐकलेल्या माणसाला आता त्या गल्लीतला एक चेहरा आणि एक शिपाई नावानिशी माहीत होता. विचारता येत होतं. अफवा खोटी निघाली तर त्याच संध्याकाळी ती मरत होती, खरी निघाली तर पोलिसाला वेळेत कळत होती. भीती खरी की खोटी, हे तपासण्याची सोय झाली आणि भीतीचं वागणंच बदललं. पुढे १९९४ मध्ये मुंबईनेही ही वाट धरली, पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने.

यावर पहिला आक्षेप असा येतो की शांतता समित्यांमुळे टिकली हे कशावरून? भिवंडी यंत्रमागांचं शहर आहे. मागाचा मालक एक, त्यावर काम करणारा उत्तर प्रदेशातून आलेला किंवा तेलंगणातला पद्मशाली, सुताचा व्यापारी गुजराती नाहीतर मारवाडी. माग थांबला की सगळ्यांचीच चूल थांबते. तेव्हा पोटानेच लोकांना शहाणं केलं असेल. आक्षेप वजनदार आहे, पण त्याला भिवंडीचाच इतिहास उत्तर देतो. हे परस्परावलंबन १९८४ मध्येही होतं, १९७० मध्येही होतं. माग तेव्हाही खडखडत होते आणि तरी घरं जळाली. जी गोष्ट दोन्ही वेळी सारखी आहे, ती दोन वेळांमधल्या फरकाचं कारण होऊ शकत नाही. दुसरं उत्तर लोक देतात ते थकव्याचं : १९८४ मध्ये इतकं भोगलं की पुन्हा कुणाला हिंमत झाली नाही. मग १९७० च्या भोगाने १९८४ का थांबवलं नाही? दुःखाने माणूस आपोआप शहाणा होतो, हा आपला एक लाडका समज आहे. दुःखातून सूडही येतो आणि समजूतही येते. कुठली वाट धरली जाईल हे त्या दुःखाला कुठली जागा मिळाली त्यावर ठरतं. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत अशा शहरांच्या जोड्या घेऊन हाच प्रश्न मोठ्या पटावर तपासला. दोन्ही समाजांची माणसं ज्या संस्थांमध्ये एकत्र काम करतात, तिथे अफवेला अंगण मिळत नाही, असा त्यांच्या अभ्यासाचा रोख आहे. भिवंडीची दखल त्यांनीही घेतली. तिचं वेगळेपण असं की इतरत्र जे धागे पिढ्यानपिढ्या विणले गेले, ते इथे एका पोलीस अधिकाऱ्याने चार वर्षांत मुद्दाम विणले.

मुद्दाम विणलेलं मुद्दाम जपावंही लागतं. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून भिवंडीत पोलीस आणि जमाव समोरासमोर आले. गोळीबारात दोघे मेले आणि त्यानंतर दोन पोलीस शिपायांना जमावाने ठार मारलं. हे हिंदू-मुसलमान दंगलीचं प्रकरण नव्हतं, पण ज्या नात्यावर मोहल्ला समिती उभी होती, ते पोलीस आणि वस्ती यांचंच नातं तिथे तुटलं. मी हे उदाहरण लपवत नाही, कारण ते माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. विश्वास हा स्वभावाचा गुण असता तर १९९२ मध्ये असलेला विश्वास २००६ मध्येही राहिला असता. विश्वास ही रोजच्या व्यवहाराची भावना आहे. शिपाई बदलला, बैठक थांबली, जुन्या माणसांच्या जागी नवी माणसं आली, की तो ओसरतो. त्याची नोंद ठेवणारी एखादी वही असती तर तो ओसरताना दिसला तरी असता.

आता वहीची, म्हणजे संशोधनाची गोष्ट. दुसरा मोठा आक्षेप अभ्यासकांकडून येतो : भावना मोजता येत नाही, आणि अभ्यासकाची स्वतःची भावना मध्ये आली तर निष्कर्ष वाकडा होतो. त्यांतली वाकडेपणाची भीती रास्त आहे. पण वाकडेपणा येतो तो लपवलेल्या भावनेमुळे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते यूजेन फिशर. गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण वेगळी आणि ती त्याच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण, असं तिथे मानलं जात होतं. हातात मोजपट्टी होती, तक्ते होते, आकडे होते. बाहेरून पाहणाऱ्याला याहून वस्तुनिष्ठ काम दिसणार नाही. पण त्या मोजमापाच्या मुळाशी वंशाचा अभिमान होता, आणि तो कुठल्याही तक्त्यात लिहिलेला नव्हता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि फरक सापडत नाही असं प्रबंधात लिहिलं. गुरूच्या मताविरुद्ध, परक्या देशात, पंचविशीही न ओलांडलेल्या मुलीने. मादन आयोगाने ज्या तपास पथकावर ताशेरे ओढले, त्याचीही गोष्ट वेगळी नव्हती. पंचनामे, जबाब, सह्या सगळं रीतसर दिसत होतं, आणि त्या रीतसरपणाच्या आत एका समाजाविषयीचा संशय बसलेला होता. भावना वगळल्याचा दावा करणारा कागद जास्त धोक्याचा असतो, कारण तिथे तिची उलटतपासणीच होत नाही.

याच इरावतीबाई पुढे वारीत चालल्या आणि त्यावर 'परिपूर्ती'त 'वाटचाल' हा लेख लिहिला. मराठी समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो ललित म्हणून नव्हे, पद्धतीचा धडा म्हणून वाचावा असं मला फार वाटतं. एकत्र चालण्याचा, एकत्र गाण्याचा आनंद त्यांनी सांगितला आणि तेच लोक जेवायला मात्र जातीजातींनी वेगळे बसतात याचं रोजचं दुःखही सांगितलं. ते दुःख नसतं तर लेखाचं काय झालं असतं? जेवणाच्या पंगती वेगळ्या होत्या, एवढी एक ओळ उरली असती, आणि वारीत हे चालायचंच म्हणून वाचणारा पुढे गेला असता. दुःखाने त्यांना थांबवलं, प्रश्न विचारायला लावलं आणि पंगत किती जवळ, किती लांब, कुणाच्या शेजारी कोण, हे बघायला लावलं. भावना इथे निष्कर्ष झालेली नाही. कुठे बघायचं हे तिने दाखवलं, बघण्याचं काम डोळ्यांनीच केलं. फिलिपाइन्समधल्या इलाँगोत लोकांचा अभ्यास करणाऱ्या रेनातो रोसाल्दो यांची गोष्ट अशीच आहे. शोकातला संताप आपल्याला शिरच्छेदाकडे नेतो, असं ते लोक त्यांना वर्षानुवर्षं सांगत होते आणि ते मात्र त्यामागे देवाणघेवाणीचा काही सिद्धांत शोधत होते. १९८१ मध्ये क्षेत्रकार्यातच पत्नीचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा त्यांना कळलं की लोक जे सांगत होते तेच उत्तर होतं. पुरावा आधीपासून वहीत होता. तो वाचता येत नव्हता.

राजकीय विचारवंत गोपाळ गुरूंनी हाच धागा आणखी पुढे नेला. अपमान ही एकट्या माणसाच्या मनात घडणारी गोष्ट नसून समाजाच्या रचनेत घडणारी गोष्ट आहे, आणि ज्याने तो भोगला त्याच्या अनुभवाला नुसती 'माहिती' समजून सिद्धांत दुसऱ्याच कुणीतरी मांडायचा ही विभागणीच विषमतेची आहे, असं त्यांनी दाखवून दिलं. तत्त्वज्ञ सुंदर सरुक्काई यांनी त्यांच्याशी यावर दीर्घ वाद घातला. तो वाद मला मोलाचा वाटतो, कारण त्यात अनुभवाचा मान राखूनही अनुभवाला प्रश्न विचारले गेले. इथे एक गल्लत टाळायला हवी. अनुभव घेतलेल्या माणसाचं म्हणणं पुरावा म्हणून सर्वांत आधी ऐकायचं, याचा अर्थ ते तपासायचंच नाही असा होत नाही.

आणि यातूनच तिसरा आक्षेप उभा राहतो, जो आज सर्वांत जास्त ऐकू येतो. भावनांना इतकी किंमत दिली तर 'आमच्या भावना दुखावल्या' म्हणत कुणीही उठेल, पुस्तक मागे घ्यायला लावेल, नाटक बंद पाडेल, मिरवणुकीचा मार्ग बदलायला लावेल. भारतीय दंड संहितेत १९२७ साली २९५-अ हे कलम आलं, तेव्हापासून धार्मिक भावना दुखावणं हा शब्दप्रयोग आपल्या सार्वजनिक भाषेत ठाण मांडून आहे. माझं उत्तर सरळ आहे. भावना पुरावा आहे, निवाडा नाही. कुणी म्हणालं, दुखावलो, तर त्याला खोटं ठरवायची घाई नको आणि त्याची मागणी मान्य करायची घाई तर मुळीच नको. विचारायचं. कुणी दुखावलं, कशाने, ते पुस्तक वाचलं का, की कुणी आणून दिलेलं एक पान पाहिलं? ते पान कुणी वाटलं? दुखावलेल्यांच्या वतीने बोलणारा माणूस त्या वस्तीत राहतो का? मोहल्ला समितीत बसलेला शिपाई हेच विचारत होता. भावना पवित्र मानून तिच्यापुढे हात जोडणारे आणि भावना फालतू मानून तिच्याकडे पाठ फिरवणारे, दोघेही एकच गोष्ट टाळतात : तिला प्रश्न विचारणं.

काल्हेरमध्ये आज जे घडतंय त्यावर अभ्यास होत राहणार. गोदामांवर होतील, मेट्रोवर होतील, भाताची शेतं आणि खाजण जमीन विकून झालेल्या बांधकामांवर होतील. या अभ्यासांत जमिनीचा दर येईल, पण ज्या आगरी घराने जमीन विकून बंगला बांधला, त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पावसाळा सुरू झाला की काय वाटतं ते येणार नाही. गोदामात माल चढवणाऱ्या मुलाची मजुरी येईल, पण कंत्राट कधी संपेल या धास्तीने तो आजारपण लपवतो, हे येणार नाही. सर्वेक्षणाचा कागद असतोच तसा : प्रश्न, पुढे तीन चौकोन, 'होय', 'नाही', 'सांगता येत नाही'. सुपरवायझर दोन पावलांवर उभा असताना कामगाराला विचारलं की इथे काही त्रास आहे का, तर तो एकदा त्याच्याकडे बघतो आणि तिसऱ्या चौकोनावर बोट ठेवतो. संगणकात भरताना हा तिसरा चौकोन 'उत्तर नाही' म्हणून गाळला जातो. खरं तर त्या पानावर त्याने दिलेलं सर्वांत स्पष्ट उत्तर तेच असतं.

इथे प्रकल्पासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांना पाठवणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. तुमचे तक्ते जरूर भरा, आकडे जरूर घ्या. फक्त त्या तिसऱ्या चौकोनाशेजारी दोन ओळींची जागा मोकळी सोडा आणि तिथे लिहा : विचारताना शेजारी कोण उभं होतं, उत्तर देणारा कुठे बघत होता, आणि तुम्हाला स्वतःला तेव्हा काय वाटलं. तारीख आणि वेळही लिहा. रस्त्यावरची शटरं त्या दिवशी अर्ध्यावर होती का, तेही लिहा.